चौथे 'सत्य'

एका राज्यात रिवाज फार होते आणि विचार थोडे, म्हणून राज्य सुखाने चालले होते. राज्याचे नाव आज कोणाला ठाऊक नाही. ते कोणत्या शाईने लिहावे हे विचारायला एक कारकून वर गेला होता, तो अजून खाली आलेला नाही.

त्या राज्याचा सर्वांत जुना रिवाज असा, की सिंहासनावरून शब्द निघाला की भालदाराने दंड आपटावा आणि सगळ्या दरबाराने एका सुरात म्हणावे, "सत्य! सत्य! सत्य!" राजा म्हणाला, "आज ऊन आहे," तरी तीनदा सत्य. राजा म्हणाला, "मला शिंक येणार," तरी तीनदा सत्य. आणि शिंक आली नाही तर राजवैद्याने तपकीर घेऊन धावावे.

म्हातारा राजा वारला आणि त्याची कन्या कनकावती गादीवर बसली. तिला एकच भाऊ, सुबाहू. तो घोड्यावर बसण्यात पटाईत होता आणि गप्प बसण्यात कच्चा. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून बाराखडी शिकवण्यापर्यंत सगळे कनकावतीने केले होते. राज्य गेले तर तिला वाईट वाटले असते. सुबाहू गेला असता तर वाईट वाटायलाही ती उरली नसती.

राज्याभिषेकाच्या दिवशी मोठी पंगत बसली. पुरण होते, कटाची आमटी होती, सात भाज्या होत्या. पंगतीत धूम्रकेश नावाचा मांत्रिक बसला होता आणि त्याच्या पानात मीठ वाढायचे राहिले. मागितले असते तर मिळाले असते. पण मागितल्याने काम होते आणि अपमान होत नाही, म्हणून मोठी माणसे मागत नाहीत. धूम्रकेश पानावरून उठला आणि म्हणाला, "राणी, यापुढे तुझ्या मनातला वाईट विचार पाखरू होऊन तुझ्या सिंहासनावर बसेल आणि तुझ्या आवाजात बोलेल."

एवढे बोलून त्याने पानातले लाडू उपरण्यात बांधले आणि तो ढगावर बसून निघून गेला. अशी माणसे शाप देऊन नेहमी वेळेवर निघून जातात.

दुसऱ्याच सकाळी पाखरू आले. राखी रंगाचे, कबुतराएवढे, गुंजेसारख्या डोळ्यांचे. राणी नदीच्या बंधाऱ्याविषयी काही बोलणार होती. तिने तोंड उघडायच्या आत पाखरू तिच्या आवाजात बोलले, "ही नदी माझ्या राज्यात राहायची नाही."

भालदाराने दंड आपटला. दरबार म्हणाला, "सत्य! सत्य! सत्य!"

राणीच्या पोटात धस्स झाले. दुपारपर्यंत नदीने आपले पात्र चटईसारखे गुंडाळले आणि ती शेजारच्या राज्यात राहायला गेली.

दुसऱ्या दिवशी पाखरू म्हणाले, "वडिलांचे जडजवाहीर माझ्या हातात मातीमोल होणार." सत्य, सत्य, सत्य. सात पेट्या उघडून पाहिल्या तर सातही पेट्यांत चिंचोके.

तिसऱ्या दिवशी सुबाहू सिंहासनाच्या उजव्या हाताला उभा होता आणि सेनापतीच्या नव्या मिशांकडे बघून हसू दाबत होता. पाखरू म्हणाले, "माझ्या हातून सुबाहूचे वाईट होणार."

दंड आपटला. दरबार जे म्हणायचे ते म्हणाला. सुबाहूचे पाय घोट्यापर्यंत दगडाचे झाले.

"ताई," तो खाली बघून म्हणाला, "हे नवे जोडे मी मागितले नव्हते."

राणीला हसू आले नाही. त्या दिवसापासून पाखरू रोज तेच वाक्य बोले, दरबार रोज मान हलवी आणि दगड रोज वीतभर वर चढे. दगड गुडघ्यावर आला तेव्हा राणीने प्रधान विवेकनिधी यांना एकांतात बोलावले.

"प्रधानजी, दरबाराने गप्प राहावे."

"आज्ञा शिरसावंद्य. परंतु सिंहासनाच्या शब्दावर गप्प राहणे हा राजद्रोह आहे."

"मग तो रिवाज रद्द करा."

"त्यासाठी सिंहासनावरून हुकूम व्हावा लागतो. आणि सिंहासनावर आपण तोंड उघडता त्याआधी पाखरू बोलते. मी तीन ग्रंथ पाहिले, राणीसाहेब. पाखराने अडवल्यास काय करावे, हे कोणी लिहिलेले नाही."

"मग मी काय करावे?"

"ग्रंथ लिहिला जाईपर्यंत थांबावे."

राणीने तिरंदाज बोलावले. पहिला बाण लागला आणि पाखराची दोन पाखरे झाली. दोनाची चार झाली. संध्याकाळी सिंहासनाच्या छत्रावर सतरा पाखरे बसली होती आणि तिरंदाज बाण संपल्याचे सांगून घरी गेले होते.

मग प्रधानजींनी आपली युक्ती काढली. त्यांनी अकरा भाट नेमले. रोज सकाळी भाटांनी राणीपुढे उभे राहून एकशे आठ वेळा म्हणायचे, "राणीसाहेब अजिंक्य! राणीसाहेब निर्भय! राणीसाहेबांना चिंता शिवत नाही!" हीच वाक्ये महालाच्या खांबाखांबावर रंगवली गेली. मुदपाकखान्यात जागा कमी होती, म्हणून तिथे पाटावरवंट्याच्या वर नुसते "अजिंक्य" लिहिले. दरबारही सत्य, सत्य, सत्य म्हणे. आणि राणी खांबाकडे बघून मनात म्हणे, खोटे. भाटांचा घसा बसला आणि पाखरे गलेलठ्ठ झाली. एवढाच फरक पडला.

दगड कमरेवर आला त्या सकाळी सुबाहू म्हणाला, "ताई, तू पाच ज्योतिषी बोलावलेस, तीन मांत्रिक बोलावलेस. दुखणे पाखरांचे आहे ना? मग पाखरांच्या माणसाला विचार."

"असा कोण आहे?"

"डोंगरापलीकडे बयाक्का म्हणून म्हातारी आहे. लोकांची जोंधळ्याची शेते राखते. मागे माझा घोडा तिच्या शेतात शिरला होता. तिने घोड्याला काही म्हटले नाही. मला मात्र जे म्हटले ते अजून पाठ आहे."

"तुला असे सोडून मी कशी जाऊ?"

"मी कुठे जातो आहे?" सुबाहू म्हणाला. मग त्याचा चेहरा थोडा उतरला. "लवकर ये मात्र. झोपेत कूस बदलता येत नाही."

राणी पायीच निघाली, कारण घोडे पाखरांना बुजत. सतरा पाखरे तिच्या डोक्यावरून चालली. "सुबाहूचे वाईट होणार," ती म्हणत. "नाही, नाही! होऊ देणार नाही!" राणी ओरडे. आणि ओरडून झाले की तिच्या मनात येई, पण झाले तर? अशा तऱ्हेने तिने डोंगर ओलांडला. वाटसरूंनी बाजूला होऊन तिला वाट दिली. स्वतःशी भांडत जाणाऱ्या माणसाला सगळे वाट देतात.

जोंधळ्याच्या शेतात चार बल्ल्यांवर माळा उभा होता. खाली बयाक्का खुरप्याने तण काढत होती. तिने वर न बघता विचारले, "सतरा?"

"सतरा."

"मारायला गेली असशील. त्या पोराची बहीण ना तू? घोडेवाल्याची?"

"होय, आक्का. त्याच्याचसाठी आले. मला गोफण चालवायला शिकवा."

बयाक्काने खुरपे बाजूला ठेवले. "चाळीस वर्षे गोफण फिरवली मी. शेतातली पाखरे दाणा खातात, ती गोफणीने उडतात. तुझी पाखरे दाणा खात नाहीत, बाई. ती उत्तरे खातात. वाटेत किती चारलीस?"

राणीने डोंगराकडे वळून पाहिले.

"तीन कामे सांगते. पहिले हे, की या माळ्यावर बस. दिवस मावळेपर्यंत बस. श्वास आत गेला, बाहेर आला, की एक मोज. दहा झाले की पुन्हा एकपासून. पाखरांना हाकलायचे नाही आणि उत्तर द्यायचे नाही."

"एवढेच?"

"बसून तर बघ. मग एवढेच म्हण."

राणी माळ्यावर बसली. एक, दोन, तीन. "सुबाहूचे वाईट होणार," पाखरू म्हणाले. "गप्प बस!" राणी म्हणाली आणि सतराची अठरा झाली. पुन्हा एक, दोन, तीन, चार. चाराला तिला आठवले की सुबाहूच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा राहिला. तांब्यावरून ती विहिरीवर गेली, विहिरीवरून नदीवर, नदीवरून आपल्या नालायकीवर. एकोणीस झाली.

"कितीवर आलीस?" खालून बयाक्काने विचारले.

"चारवर."

"मग एकपासून."

घटकाभराने पुन्हा, "कितीवर?"

"तीनवर. आक्का, माझे मन निघून जाते."

"जाणारच. गाय रोज रानात जाते म्हणून कोणी तिला विकत नाही. संध्याकाळी तिला घरी आणायचे, एवढेच आपले काम. शिव्या न देता आणायचे. शिव्या दिल्या की दूध आटते."

ऊन चढले, कलले. कितव्यांदा तरी राणी एकपासून निघाली. पाखरू म्हणाले, "सुबाहूचे वाईट होणार." राणीने ते ऐकले. शेतात वारा ऐकावा तसे ऐकले. पाच. पाखराने पुन्हा म्हटले. सहा. पाखराने मान तिरकी केली आणि वाट पाहिली. सात. मग त्याने पंख विंचरले, इकडेतिकडे पाहिले आणि दुसरे काही काम आठवल्यासारखे ते उडून गेले. त्याच्यामागे दुसरे गेले. दिवस मावळला तेव्हा माळ्याच्या काठावर एकच पाखरू उरले होते, पहिले.

"हे का जात नाही?" राणीने खाली उतरून विचारले.

"ते मायेतून निघाले आहे. भावावर जीव आहे तोवर काळजी येणार नि जाणार. त्याला बसू दे, जेवू घालू नकोस." बयाक्काने तिच्या हातात भाकरी ठेवली. "आता एक सांग. तुझा दरबार तीनदा सत्य म्हणतो, ते कशाकशाला म्हणतो?"

"कशालाही म्हणतो. वडील म्हणत, मी शंभर वर्षे जगेन. दरबार रोज सत्य म्हणे."

"किती वर्षांचे होऊन गेले?"

"एकसष्ट."

"म्हणजे तीन सत्यांनी काही होत नाही. दरबाराच्या मानेला हलायची सवय आहे, त्यात जादू नाही. तुझे पाखरू बोलले, दरबार बोलला, आणि मग तू काय केलेस?"

राणीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. नदीच्या वेळी पोटात धस्स झाले होते. त्या धस्स होण्यात एक शब्द होता. "मी मनात म्हटले," ती हळूच म्हणाली, "सत्य."

"ते चौथे. नदी त्याने गेली. आणि पोराचे पायही त्यानेच गेले. मांत्रिकाने तुला पाखरू दिले, चौथे सत्य तुझे तूच घातलेस." बयाक्काने तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नकोस. तुझ्या हातचे आहे, म्हणून तर तुला फिरवता येईल. धूम्रकेशाच्या हातचे असते तर त्याच्यामागे ढगाढगातून हिंडावे लागले असते."

दुसरे काम होते माळरानावरच्या विहिरीचे. विहिरीच्या काठावर तांबड्या पंखांचा एक म्हातारा भारद्वाज बसे. तो बोलत असे, पण कारणापुरते.

"नियम ऐक," भारद्वाज म्हणाला. "विहिरीत एक वाक्य टाकायचे, स्वतःविषयी. खोटे असेल तर विहीर परत करते. खरे असेल तर ठेवून घेते. ठेवून घेतलेले वाक्य तुला आयुष्यभर पुरेल."

राणी वाकून म्हणाली, "मी अजिंक्य आहे."

"मी अजिंक्य आहे," विहीर म्हणाली आणि तिने ते वाक्य चिंब भिजवून राणीच्या तोंडावर परत टाकले.

"पुसून घे," भारद्वाज म्हणाला. "पुढचे."

"मी निर्भय आहे."

तेही आले. पहिल्यापेक्षा जोरात.

"मागच्या महिन्यात एक सेनापती आला होता," भारद्वाज म्हणाला. "तो हेच म्हणाला. त्याच्या मिशांचा पीळ गेला. त्यानंतर त्याने नव्या मिशा लावल्या असे ऐकतो."

राणीने तिसऱ्यांदा वाकून म्हटले, "सुबाहू बरा होईल."

विहिरीने या वेळी थोडा वेळ घेतला. मग ते वाक्य हलकेच, न भिजवता वर आणून ठेवले.

"हे खोटे नाही," भारद्वाज म्हणाला. "पण तुला ते ठाऊक नाही. आणि विहिरीलाही नाही. ठाऊक असेल तेवढेच बोल."

राणी काठावर बसली. पाखरू तिच्या शेजारी बसले आणि आपले वाक्य बोलले. तिने त्याला हाकलले नाही. दहा श्वास मोजले. मोजता मोजता सगळ्या मोठ्या शब्दांचा गाळ खाली बसला आणि वर जे राहिले ते फार थोडे होते. ती उठली आणि विहिरीत म्हणाली, "मला भीती वाटते. भीती घेऊनच मी इथवर चालत आले. मी सुबाहूची बहीण आहे, आणि त्याचा हात मी सोडणार नाही."

विहीर गप्प राहिली. राणीने वाट पाहिली. पाणी हललेसुद्धा नाही.

"अजिंक्यपेक्षा लांब आहे," भारद्वाज म्हणाला. "पण टिकाऊ. रोज सकाळी म्हणत जा. भीती नसेल त्या दिवशीही म्हण. पोहणे बुडताना शिकायचे नसते."

"आणि तिसरे काम?"

"घरी जाऊन आपल्या खुर्चीवर बसायचे. तिन्हींत तेच अवघड. इथे दरबार नव्हता."

राणी महालात पोचली तेव्हा दगड सुबाहूच्या छातीपर्यंत आला होता. त्याचा श्वास वरच्यावर चालत होता आणि आवाज बारीक झाला होता.

"ताई, पहिल्या दिवशी वाटेत फार विचार केलास वाटते," तो म्हणाला. "एका दिवसात दगड इथवर आला. मग संध्याकाळी थांबला. बयाक्का ओरडली का?"

"ओरडली नाही. भाकरी दिली."

"म्हणजे तिचा माझ्यावरच राग आहे."

त्याच्या कपाळावर हात ठेवून राणी वळली. आता दगड वर चढला तर गळा, आणि गळ्यानंतर श्वास. हे तिला ठाऊक होते, त्यालाही ठाऊक होते. ती सिंहासनावर जाऊन बसली.

दरबार भरला. सुबाहूला पलंगासकट पायऱ्यांखाली आणून ठेवले. छत्रावर पाखरू बसले. आजवर बोलले नव्हते ते आज बोलले, राणीच्या स्पष्ट आवाजात, "सुबाहू आज मरणार. माझ्यामुळे मरणार."

भालदाराने दंड आपटला. "सत्य! सत्य! सत्य!"

चौथे सत्य राणीच्या जिभेच्या मुळाशी येऊन उभे राहिले. तिने ते गिळले नाही, थुंकलेही नाही. तिने श्वास घेतला. एक. दोन. तीन. राणी काहीच करत नाही असे दरबाराने आजवर पाहिले नव्हते. सेनापतीने प्रधानजींना खुणेने विचारले, झोपल्या का? चार. पाच. पाचाला तिची नजर सुबाहूकडे गेली, काळजात कळ उठली, आणि दगड बोटभर वर सरकला. सुबाहूने ओठ घट्ट मिटले. राणीने नजर परत आणली, शिव्या न देता, आणि ती एकपासून निघाली. या वेळी ती दहावर पोचली. दगड तिथेच होता. पाखरू मान तिरकी करून वाट बघत होते. त्याचे बोलून संपले होते, आणि आजवर कोणी त्याचे बोलणे संपायची वाट पाहिली नव्हती.

मग राणी स्वतः बोलली. "ते मी म्हटले नाही."

प्रधानजी उठले. "क्षमा असावी. आवाज आपलाच होता. दरबाराने मान्यही केले आहे."

"आवाज माझा. विचारही माझाच, भीतीतून आला. पण तो माझा हुकूम नव्हता."

"फरक ध्यानात आला नाही, राणीसाहेब."

"प्रधानजी, मनात येईल तो प्रत्येक विचार हुकूम झाला असता, तर भाट नेमलेत त्याच दिवशी तुमचे मुंडके उडाले असते."

भालदाराने सवयीने दंड आपटला. दरबार सवयीने म्हणाला, "सत्य! सत्य! सत्य!" प्रधानजींचे दोन्ही हात मानेकडे गेले.

"घाबरू नका," राणी म्हणाली. "चौथे मी म्हणत नाही."

प्रधानजींनी मान चाचपून पाहिली. ती होती. त्या क्षणी त्यांना फरक ध्यानात आला.

राणी पायऱ्या उतरून सुबाहूजवळ गेली. त्याचा हात तिने आपल्या हातात घेतला आणि भर दरबारात, मोठा आवाज न करता म्हणाली, "मला भीती वाटते. भीती घेऊनच मी इथवर चालत आले. मी सुबाहूची बहीण आहे, आणि त्याचा हात मी सोडणार नाही."

भालदार गोंधळला. भीती वाटते असे सिंहासनाने कधी म्हटले नव्हते. तरी त्याने दंड आपटला, आणि दरबार म्हणाला, "सत्य! सत्य! सत्य!" सेनापतीचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता. का, ते त्यालाच ठाऊक.

मग राणीने चौथे म्हटले. या वेळी मनात नाही, उघड. "सत्य."

सुबाहूच्या गळ्याखाली दगडाला तडा गेला. तडा छातीवरून उतरला, कमरेवरून, गुडघ्यांवरून, आणि घोट्यांपाशी दगडाची सालपटे गळून पडली. छत्रावरचे पाखरू तोंड उघडून काही बोलायला गेले, तर त्याच्या गळ्यातून राणीचा आवाज निघाला नाही. त्याचा स्वतःचा निघाला, घोगरा आणि थोडासा केविलवाणा. शाप तुटला होता.

संध्याकाळी नदी परत आली आणि काही झाले नाही अशा थाटात आपल्या पात्रात पसरली. चिंचोक्यांचे पुन्हा जवाहीर झाले. मूठभर चिंचोके आचाऱ्याने भाजून खाल्ले होते, त्यांचे काय झाले याची चौकशी सभ्यपणे टाळण्यात आली. खांबांवरची वाक्ये चुन्याने पुसली गेली. रिवाज मोडला नाही, फक्त त्याला एक कलम जोडले, की सत्य म्हणण्याआधी प्रत्येकाने एक पूर्ण श्वास घ्यावा. पहिल्याच महिन्यात अर्ध्या दरबाराच्या ध्यानात आले की श्वास घेतल्यावर ते म्हणावेसे वाटत नाही. प्रधान विवेकनिधींनी यावर ग्रंथ लिहायला घेतला.

आठव्या दिवशी सुबाहू अंगणात पहिल्यांदा चालायला निघाला. पाय अजून लाकडासारखे होते. राणी त्याच्या शेजारून चालत होती. देवडीच्या कमानीवर राखी पाखरू बसले होते.

"उडवू का?" पहारेकऱ्याने विचारले.

"नको," राणी म्हणाली. "बसू दे."

"पडणार," पाखरू आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पडणार, पडणार."

राणीने ऐकले आणि एक श्वास घेतला. अकराव्या पावलाला सुबाहूचा पाय मुडपला आणि तो खरेच पडला, धुळीत, सगळ्या पहाऱ्यासमोर.

"ताई," तो खालून म्हणाला, "हे पाखरू बरोबर बोलले की."

"कधीकधी बोलते," राणी म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "ऊठ."

तो उठला. बारावे पाऊल त्याने टाकले, मग तेरावे, आणि दोघे बहीणभाऊ अंगण ओलांडून नदीकडे गेले. सुबाहूचे पाय जसे मोकळे झाले, तसे ऐकणाऱ्यांचेही राहोत.